घडविणाऱ्याचे नाव



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने व्यासपीठावर उभे राहावे आणि बोनस, पेन्शन, संप यांपैकी कशावर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी ती मोडणार आहे. माझा विषय आहे संगणकावरची एक अगदी लहानशी करामत. पण ती समजून घेण्यासाठी मला तुम्हाला अजिंठ्याच्या लेण्यांत, भोर घाटात, परळच्या मैदानात आणि असोद्याच्या एका घरात न्यावे लागेल. मार्ग लांबचा वाटला, तरी शेवटी आपण भुसावळातच परत येणार आहोत.

करामत अशी. संगणकावर जगातली पाने उघडून पाहण्याचे जे साधन असते त्याला ब्राउझर म्हणतात. त्यात नवे पान उघडले की एरवी शोधण्याची एक पट्टी दिसते, नाहीतर बातम्या आणि जाहिराती. या ब्राउझरला वरून जोडता येतील असे छोटे प्रोग्रॅम मिळतात; त्यांना एक्स्टेन्शन हे नाव आहे. त्यांपैकी एका प्रकारच्या एक्स्टेन्शनचे काम इतकेच, की दर वेळी नवे पान, म्हणजे टॅब, उघडला की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोणा एका माणसाची ओळख समोर मांडायची. त्याचा फोटो, त्याचे नाव, त्याचे गाव, त्याने काय लिहिले, एवढेच. तो माणूस कोणता, हे कोणी ठरवीत नाही. चिठ्ठी टाकावी तसा तो निवडला जातो. पुन्हा टॅब उघडला की दुसरा माणूस. आता ब्राझीलमधला, मग नायजेरियातला, मग कदाचित आपल्याच जळगावचा.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. रिकाम्या वेळचा खेळ म्हणून हसून सोडून देण्यासारखीच ही गोष्ट दिसते. पण ज्याने तीस वर्षे कामगारांच्या हजेरीपटावर बोट ठेवून भांडणे केली, त्याला ती तितकी हलकी वाटत नाही. कारण या खेळाच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न आहे. वस्तू घडते, वापरली जाते, टिकते. पण ती घडविणाऱ्याचे नाव कोठे जाते? आणि ते नाव पुढे आले, तर त्या माणसाच्या पदरात काय पडते?

या प्रश्नाचा इतिहास शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. अजिंठा आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर आहे. तेथील सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. ते लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तो सांगतो. सव्विसाव्या लेण्याचा लेख बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचे नाव देतो. म्हणजे ज्यांनी द्रव्य दिले, पुण्य जोडले, त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. पण पद्मपाणीच्या डोळ्यांतली ती करुणा ज्याने रंगवली, त्या चित्रकाराचे नाव आपल्याला ठाऊक नाही. छिन्नीचा पहिला घाव घालणाऱ्या पाथरवटाचेही नाही.

मौज पुढेच आहे. १८१९ च्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला. त्याने दहाव्या लेण्याच्या खांबावर, जुन्या चित्रावरच, आपले नाव आणि तारीख ओरखडून ठेवली. ते अक्षर अजून दिसते. ज्यांनी हयात घालून भिंती रंगवल्या ते अनाम राहिले आणि एक दिवस आलेला पाहुणा नाव ठेवून गेला! पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल याने त्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य वेचले. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. त्या गिलची कबर आपल्या भुसावळात आहे. नक्कल करणाऱ्याचे नाव आपण दगडावर वाचू शकतो. अस्सल चित्र काढणाऱ्याचे वाचू शकत नाही.

वेरूळच्या कैलास लेण्याची गोष्टही अशीच. राष्ट्रकूट राजा कर्क याच्या बडोद्याच्या ताम्रपटात या देवालयाचे वर्णन मानले जाते. हे मी कसे काय घडवले, याचे खुद्द शिल्पकारालाही आश्चर्य वाटले, अशा अर्थाचे त्यात लिहिले आहे. म्हणजे राजाच्या कवीने कारागिराचे आश्चर्य टिपले. पण त्याचे नाव टिपावे असे त्याला वाटले नाही.

हा त्या काळाचा दोष म्हणून सोडून देता येईल. म्हणून आता आगगाडीच्या काळात येऊ. भुसावळ हे गाव रेल्वेने वाढवलेले आहे. येथे लोहमार्गाचा इतिहास म्हणजे घरचाच इतिहास. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतले मूलही सांगते. त्यानंतर दहा वर्षांनी, १८६३ साली, भोर घाटाचा मार्ग खुला झाला. त्या घाटाच्या कामावर एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले याचे नाव इतिहासात आहे. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुरे करविले, हेही इतिहासात आहे. त्या बाईंचे धैर्य मोठेच. पण पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कडा कोसळून जे हजारो मजूर मेले, ते इतिहासात केवळ आकडा म्हणून शिल्लक आहेत, आणि तो आकडाही अंदाजाचा.

पुढे रेल्वे स्थिर झाली, कारखाने आणि शेड उभे राहिले, तेव्हा कामगाराला एक वस्तू मिळाली: बिल्ला. स्टेशनावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला तुम्ही पाहिलेला आहे. त्यावर आकडा असतो. जुन्या फिटर-खलाशांच्या तोंडी साहेबाने आपल्याला नंबराने हाक मारल्याच्या गोष्टी असत. पण येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बिल्ल्याचा आकडा अपमानाचा वाटला, तरी तो आकडा कोठल्या तरी वहीत एका नावापुढे लिहिलेला होता. भोर घाटातल्या मजुराजवळ तोही नव्हता. आकडा मिळणे ही नाव मिळण्याच्या वाटेवरची पहिली पायरी होती.

अनुभवाने मला नावाचे तीन प्रकार दिसतात. पहिले मानाचे नाव, जे वराहदेवाने कोरून घेतले. दुसरे जाबाचे नाव. काही बिघडले तर कोणाला धरायचे, यासाठी सत्ता ते मागते. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखान्यांचा जो कायदा केला, त्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव सक्तीचे झाले, ते त्यांच्या सन्मानासाठी खासच नव्हे. आणि तिसरे हक्काचे नाव. कामगार चळवळीचा सगळा इतिहास या तिसऱ्या नावाचा इतिहास आहे.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा परळला भरवली. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, पगार वेळेवर, अपघात झाला तर भरपाई, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्या अर्जाखाली साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्या काळात किती कामगारांना अक्षर येत असेल, याचा विचार करा. तरीही साडेपाच हजार माणसे पुढे आली आणि ‘हे मी मागतो’ असे म्हणून त्यांनी आपली निशाणी कागदावर उमटवली. अजिंठ्याच्या कारागिराचे नाव दुसऱ्याने लिहायचे राहून गेले होते. परळच्या कामगाराने ते स्वतःच लिहिले. १८९० साली रविवारची सुटी मिळाली, तिच्यामागे या सह्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर ही लढाई हजेरीपटावर आली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आपल्या धुळे-जळगावच्या आयाबहिणींना ‘मस्टरवर नाव लागले का’ हा प्रश्न जेवणाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा होता. कारण दोन्ही प्रश्न एकच होते. रेल्वेत हंगामी मजुरांचे तेच. वर्षानुवर्षे रुळावर राबून ते हंगामीच राहत. १९८५ साली इंदरपाल यादव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्पांवरील अशा मजुरांना टप्प्याटप्प्याने दर्जा देण्याची योजना मार्गी लावली आणि सेवेच्या मुदतीप्रमाणे त्यांच्या याद्या करण्यास सांगितले. त्यानंतर ज्याचे नाव यादीत आले त्याच्या घरात पेन्शन आली. काम तेच, घाम तोच. पण यादीत नाव नाही, तो आयुष्यभर अर्ज लिहीत बसला. तसले अर्ज मी पुष्कळ लिहून दिले आहेत.

एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यात कंत्राटी कामगाराची दोन बोटे यंत्रात गेली. ठेकेदार म्हणाला, हा माणूस आमचा नव्हेच. आमच्या वहीत त्याचे नाव नाही. व्यवस्थापन म्हणाले, आमच्या तर नाहीच नाही. जणू बोटे आभाळातून पडली होती! शेवटी उपयोगी पडली ती फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही. आत येणाऱ्या प्रत्येकाचे नाव आणि वेळ तो इमानाने लिहीत असे. चोरी होऊ नये म्हणून ठेवलेल्या त्या वहीने त्या माणसाला भरपाई मिळवून दिली. जाबाचे नाव हक्काच्या कामी आले. तेव्हापासून कोणत्याही वहीला मी क्षुल्लक मानीत नाही.

आता आपल्या विषयाच्या थोडे जवळ जाऊ. आपण वाचतो ती अक्षरे कोणी घडवली? निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांचे नाव मराठी वाचकाला ठाऊक आहे. परंतु त्या सुबक देवनागरी टाइपामागे राणोजी रावजी आरू या कारागिराचा हात होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. संगणक आला तेव्हाही असेच घडले. विंडोज २००० या प्रणालीबरोबर ‘मंगल’ नावाचा देवनागरी टाइप आला. सरकारी कचेरीतल्या पत्रापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत कोट्यवधी लोकांनी ती अक्षरे वाचली. ती रेखाटणारे होते अक्षरकार र. कृ. जोशी, २००८ साली निवर्तलेले. कचेरीत दिवसभर ‘मंगल’मध्ये टंकलेखन करणाऱ्या किती जणांना हे नाव सांगता येईल?

आणि आपल्या खानदेशात नाव राहते कसे आणि बुडते कसे, याचे सर्वांत मोठे उदाहरण बहिणाबाई चौधरी यांचे आहे. १८८० साली असोद्याला जन्मलेली, अक्षरशत्रू राहिलेली ही शेतकरीण शेतात आणि जात्यावर ओव्या रचीत गेली. तिचे पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यांतल्या काही उतरून घेतल्या. १९५१ च्या डिसेंबरात ती वारली. त्यानंतर ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आले, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज जळगावचे विद्यापीठ तिच्या नावाने ओळखले जाते. हा आपल्या सर्वांच्या अभिमानाचा विषय आहे. पण मला त्यात एक भीतीही दिसते. घरात लिहिता येणारा मुलगा नसता तर? ती वही कोणाच्या हाती लागली नसती तर? ज्या बायांच्या घरी सोपानदेव नव्हते, त्यांची जात्यावरची गाणी पिठाबरोबरच उडून गेली. एक नाव योगाने वर आले. किती बुडाली, त्याची गणती कोणी करणार नाही.

आता संगणकाच्या प्रोग्रॅमकडे वळू. प्रोग्रॅम म्हणजे यंत्राने काय करावे याची ओळीओळीने लिहिलेली आज्ञा. ती माणूस लिहितो. आपल्या कॉपीराइटच्या कायद्याने त्याला वाङ्मयकृतीच मानले आहे. १९५७ च्या त्या कायद्यात दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. सतराव्या कलमाप्रमाणे नोकरीत केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण सत्तावन्नाव्या कलमाप्रमाणे मालकी गेली तरी ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क उरतो. भुसावळची जी मुले-मुली पुण्याच्या कंपन्यांत रात्री जागून प्रोग्रॅम लिहितात, त्यांच्यापैकी कितींना हे दुसरे कलम ठाऊक असेल?

कंपन्यांनी कर्त्याचे नाव दडवावे आणि कर्त्याने ते शोधून बाहेर काढावे, हा झगडा या नव्या धंद्यातही पहिल्यापासून आहे. अमेरिकेत अटारी नावाची कंपनी खेळांचे प्रोग्रॅम विकत असे. पण खेळ कोणी रचला ते सांगत नसे. तेव्हा वॉरन रॉबिनेट या तरुणाने ‘अॅडव्हेंचर’ या खेळात एक चोरखोली रचली आणि तीत ‘हे मी निर्माण केले’ अशा अर्थाच्या शब्दांत आपले नाव लिहून ठेवले. १९८० साली एका पोराला खेळता खेळता ती खोली सापडली. याच सुमारास, १९७९ मध्ये, त्याच कंपनीतल्या चार जणांनी मान आणि मोबदला मिळेना म्हणून नोकरी सोडली. त्यांनी अॅक्टिव्हिजन ही नवी कंपनी काढली आणि खेळाबरोबर रचणाऱ्याचे नाव छापायला सुरुवात केली. अजिंठ्याच्या कारागिराला अशी चोरखोली रचता आली असती, तर!

पुढे एक वेगळी वाट निघाली. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी, आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने, प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला ठेवून मिळून लिहिण्याचे काम आरंभिले. हजारो माणसे एकाच प्रोग्रॅमवर काम करू लागली. कोणी कोणती ओळ लिहिली याचा हिशेब ठेवण्यासाठी टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ हे साधन तयार केले. त्यात प्रत्येक बदलाबरोबर करणाऱ्याचे नाव आणि वेळ नोंदली जाते. एखादी ओळ कोणाची, हे विचारण्याच्या आज्ञेचे नाव ‘ब्लेम’, म्हणजे ठपका, असे आहे. पहारेकऱ्याच्या वहीसारखीच ही वही. जाबासाठी ठेवलेली, पण कर्त्याचे नाव जपणारी. या साधनावर २००८ साली गिटहब नावाचे मोठे कोठार उभे राहिले. २०२३ च्या जानेवारीत त्याच्या पटावर दहा कोटी नावे झाल्याचे त्या कंपनीने जाहीर केले.

आपले एक्स्टेन्शन काम करते ते अशाच एखाद्या पटाच्या आधाराने. पटावरच्या प्रत्येक माणसाला एक अनुक्रमांक असतो. पहिला आकडा संस्थापकांपैकी एकाचा, दुसरा दुसऱ्याचा, आणि असे कोट्यवधींपर्यंत. एक्स्टेन्शन मनाला येईल तो आकडा उचलते, त्या आकड्याच्या जवळचे नाव मागवते आणि समोर ठेवते. पुन्हा बिल्ला नंबरच म्हणायचा! पण येथे एक न्याय आहे. एरवी संगणकाच्या जगात ज्याला जास्त लोकांनी वाखाणले तोच पुन्हा पुन्हा वर येतो. ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही, त्याच्याकडे कोणी पाहणारही नाही. चिठ्ठी मात्र मोठा आणि लहान असा भेद करीत नाही.

चिठ्ठीचा हा न्याय आपल्या देशाला नवा नाही. तामिळ देशात उत्तरमेरूर येथे परांतक चोळाच्या काळचा, इसवी सन ९२० च्या आसपासचा, शिलालेख आहे. गावसभेच्या समित्यांवर कोणी बसावे हे तेथे चिठ्ठीने ठरे. ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यात टाकीत आणि लहान मुलाकडून एकेक काढवीत. नगरपालिकेच्या वॉर्डाचे आरक्षण ठरवताना आपल्याकडे शाळेतल्या मुलाकडून चिठ्ठी काढवतात, तीच ही रीत. पण त्या शिलालेखात पुढे अटी आहेत. जमीन पाहिजे, घर पाहिजे, विद्या पाहिजे, वय अमुक पाहिजे. म्हणजे मुलाचा हात निष्पाप होता. पण मडक्यात कोणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे आधीच ठरलेले होते. भूमिहीनाची चिठ्ठी मडक्यात नव्हतीच, मग ती निघणार कोठून?

मित्रहो, आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ही न्या. चिठ्ठी न्याय देते तो मडक्यातल्यांना. मडक्याबाहेरच्यांना ती काहीच देत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर देशोधडीला लागलेल्या कामगारांसाठी २०१२ साली म्हाडाने घरांची सोडत काढली. ज्यांचे नाव निघाले त्यांना मी आनंदाने रडताना पाहिले. पण त्या सोडतीत उतरण्यासाठीसुद्धा आपण गिरणीत होतो हे कागदाने सिद्ध करावे लागत होते, आणि ज्याचा कागद हरवला त्याच्या नशिबाची परीक्षासुद्धा झाली नाही.

तसेच येथे आहे. नव्या टॅबवर जो चेहरा येतो, तो पटावर नाव घालणाऱ्याचा येतो. कंपनीच्या बंद दाराआड प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे काम त्या पटावर दिसत नाही. संगणकाला शिकवण्यासाठी दिवसभर चित्रांवर खुणा करणाऱ्या मुली, त्या कचेऱ्या झाडणारे आणि रात्रपाळीला तेथे पहारा करणारे, यांचे नाव कोणत्या टॅबवर यायचे? शिवाय पट कोणाचा, हाही प्रश्न आहे. गिटहब हे कोठार २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतले. २०१९ साली अमेरिकी निर्बंधांमुळे इराणसारख्या देशांतल्या कित्येक प्रोग्रॅमरांची खाती तेथे जखडली गेली. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांचा देश अमुक होता. हजेरीपट मालकाच्या कपाटात असला म्हणजे काय होते, हे भुसावळच्या कामगाराला मी शिकवायला नको.

तेव्हा नाव दिसले म्हणून कामगाराचे कल्याण झाले, असे म्हणता येत नाही. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला, तेव्हा जगभरच्या बँका आणि दुकाने ज्या प्रोग्रॅमच्या कुलपावर विसंबून होती, त्या ओपनएसएसएलला वर्षाकाठी देणगी म्हणून सुमारे दोन हजार डॉलरच मिळत होते, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस एकच होता. २०२४ साली ‘एक्सझेड’ या साधनात कोणी कपटाने चोरदार घातल्याचे आढळले. ते साधनही बहुतांशी एकटा माणूस फुकट सांभाळीत होता, आणि थकून गेला होता. या माणसांची नावे पटावर होती, उघड होती. ज्याला पाहायचे त्याला दिसत होती. पण त्यांना कोणी पाहिले नाही. आणि ज्यांनी वापर केला त्यांनी विचारले नाही, की बाबा, तुझे चालते कसे?

मग या लहानशा करामतीचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग आहे, पण तो ज्याचे नाव दिसते त्याच्यापेक्षा ज्याला दिसते त्याला अधिक आहे. यंत्रातून आपोआप निघते असे ज्याला आपण समजतो, ते कोण्या एका गावच्या माणसाने बसून लिहिलेले असते, याची ती दिवसातून दहा वेळा आठवण देते. हा संस्कार मोठा आहे. १८६३ साली घाटातून गाडी गेली तेव्हा डब्यातल्या प्रत्येक उतारूला बोगद्याच्या तोंडाशी एकेका मजुराचे नाव वाचायला मिळाले असते, तर पुढच्या बोगद्याला कदाचित कमी माणसे मेली असती. मात्र एक पथ्य पाळले पाहिजे. ज्याचा चेहरा आपण परक्यांसमोर मांडतो, त्याने, विशेषतः तिने, तो कामासाठी पटावर ठेवला आहे, तमाशासाठी नव्हे. ओळख दाखवणाऱ्याने हे भान राखावे.

यापुढचे काम एक्स्टेन्शन करणार नाही. ते आपल्याला करावे लागेल. आपली जी मुले या धंद्यात आहेत त्यांना मी सांगेन, की नेमणुकीच्या कागदावर सही करण्याआधी आपले नाव आणि आपले काम यांविषयी त्यात काय लिहिले आहे ते वाचा. आणि एकटे वाचू नका, चार जण मिळून वाचा. व्यापारी, दवाखाने, शाळा फुकटच्या प्रोग्रॅमवर चालतात. त्यांनी तो लिहिणारा कोण हे एकदा तरी पाहावे आणि शक्य असेल तर चार पैसे त्याच्याकडे पोचवावेत. आणि येथे बसलेल्या प्रत्येकाने उद्या सकाळी आपल्या घरासमोरचा रस्ता झाडणाऱ्या माणसाला त्याचे नाव विचारावे, आणि तो कोणाच्या वहीत आहे तेही विचारावे. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर ‘कोणाच्याच नाही’ असे आले, तर युनियनची कचेरी रेल्वे फाटकाजवळ आहे. संध्याकाळी सहानंतर ती उघडी असते.